मोतीराम गुरुजींच्या उठाबशा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी मोतीराम गुरुजींचं नाव सांगतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि त्या पायरीपर्यंत गुरुजींनीच मला नेलं. हे सांगताना मन भरून यायला हवं. येतंही. पण त्यांच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांवर बोलायला लागलो की पाच मिनिटांत माझं डोकं तापतं. इतका हुशार माणूस इतका हट्टी कसा, आणि आम्ही त्यांचे शिकलेसवरलेले विद्यार्थी इतके बिनडोक कसे, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

साकोलीहून एकोडीच्या वाटेनं पुढे गेलं की आमचं गाव लागतं. गावाला मोठा तलाव, आणि तलावाच्या पाण्यावर भिजणाऱ्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं. गुरुजींचं घर तलावाच्या एका टोकाला आणि शाळा दुसऱ्या टोकाला. मधली तलावाची पार, म्हणजे मातीचा लांब बांध, ते रोज चालत, आणि चालताना पुढून येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक प्रश्न टाकत. उत्तर देण्यासाठी मुलाला त्यांच्याबरोबर उलट चालावं लागे. थांबून बोलणं त्यांना जमत नसे. वर्गातही खुर्ची होती, पण तिच्यावर डस्टर आणि हजेरीबुक बसत. "पाय चालले का डोकं चालते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाढे म्हणायचे ते शाळेभोवती फेऱ्या मारत. पावसाळ्यात वर्गातल्या वर्गात गोल.

छडी त्यांनी कधी हातात घेतली नाही. "छडीनं हात सुजते, अक्षर बिघडते," म्हणत. त्यांच्याकडे शिक्षा एकच होती, कान धरून उठाबशा. त्यासुद्धा मुक्यानं नाही. प्रत्येक उठाबशीला सतराच्या पाढ्याची एक ओळ म्हणायची. सतरा एके सतरा, खाली, वर. सतरा दुणे चौतीस, खाली, वर. पाढा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. नव्या मुलाला नीट जमत नसे, तेव्हा गुरुजी स्वतः धोतर सावरून दहा काढून दाखवत आणि दम न लागता विचारत, "आलं का ध्यानात?" माझ्या वर्गातल्या प्रत्येकाला सतराचा पाढा आजही येतो. आणि माझी खात्री आहे, आजही तो म्हणताना आमच्या मांड्या दुखतात.

त्यांच्या पायांची मला झालेली खरी ओळख मात्र शाळेतली नाही. सातवी झाल्यावर बाबांनी माझी शाळा थांबवली. साकोलीला हायस्कूलला जायचं म्हणजे घरातले दोन हात कमी होणार, आणि रोवणीचे दिवस तोंडावर आलेले. गुरुजी घरी आले. बाबा म्हणाले, "गुरुजी, बोलाले टाइम नाही जी. बांधीत यान तं बोलीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी बांधीत आले. धोतर मांड्यांपर्यंत खोचलं, चिखलात उतरले, रोपांची पेंडी उचलली आणि बाबांच्या शेजारची ओळ धरली. वाकून रोवत होते आणि बोलत होते. बाबा ऐकत होते, पण "हो" म्हणत नव्हते. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा कमरेवर हात देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमची ओळ माह्या ओळीच्या पुढं गेली. आता काय बोलू मी? न्या पोट्ट्याले." मी तेव्हा बांधीच्या कडेला, धुऱ्यावर बसून होतो. गुरुजी चिखलातून वर आले तेव्हा त्यांच्या पोटऱ्या मला दिसल्या, काळ्या, ओल्या, सागाच्या खुंटासारख्या.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की पुढे त्या पायांचं आम्ही काय केलं ते कळावं.

मी बी.एस्सी. झालो, भंडाऱ्याला एका शाळेत विज्ञानाचा शिक्षक म्हणून लागलो. त्याच सुमारास गुरुजी निवृत्त झाले. पहिल्या पगारातून गुरुजींना काय द्यावं, याचा मी पुष्कळ विचार केला. धोतरजोडी कोणीही देतं. मी भंडाऱ्याच्या एका सुताराकडून सागाची आरामखुर्ची करून घेतली. मागे रेललेली पाठ, लांब हात, वेताची बैठक. ती एसटीच्या टपावर बांधून साकोलीला नेली आणि तिथून खाचरात, म्हणजे छोट्या बैलगाडीत घालून गावात. खाचरामागे निम्मं गाव चालत होतं. गुरुजी बसायला तयार नव्हते. "मले कायले पायजे बे खुर्ची? मी का थकलो?" म्हणाले. शेवटी मी पाया पडलो आणि तसाच पडून राहिलो, तेव्हा बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्या दिवसापासून गुरुजींना उभं राहू न देणं हा गावाचा धर्म झाला.

आमच्याकडे मान देण्याची एकच रीत आहे. मोठ्या माणसाला बसवायचं आणि त्याला काही करू द्यायचं नाही. गुरुजी पाणी घ्यायला उठले की तीन जण धावत. तलावाकडे निघाले की कोणीतरी सायकल आडवी घाली, "बसा जी मागं, सोडून देतो." पंगतीत सगळं गाव पळसाच्या पत्रावळीपुढे मांडी घालून बसे, आणि गुरुजींसाठी मात्र स्टूल आणि खुर्ची. आरामखुर्चीत पंगत जेवता येत नाही, पाठ मागे जाते, वरण दाढीवर सांडतं. पण मान तो मान. पुढे पुढे लग्नाला गुरुजींच्या आधी खुर्ची जाऊ लागली. नवरदेवाच्या गाडीमागे एक खाचर, त्यात गुरुजी आणि खुर्ची. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचं नाटक बघायला पहिल्या रांगेच्याही पुढे खुर्ची मांडलेली असे, आणि मागच्यांना काही दिसत नसे. कोणी तक्रार केली नाही.

या सगळ्यात पुढाकार डोमाजीचा. डोमाजी माझ्या दोन वर्ग पुढे होता, चौथीपर्यंत शिकला, चांगला शेतकरी निघाला. गुरुजींवर त्याची इतकी भक्ती की ते शिंकले तरी तो उपरणं घेऊन उभा. त्याच्याशी भांडताना मला नेहमी हरल्यासारखं वाटे, कारण त्याचं प्रेम खरं होतं.

पाच-सहा वर्षांत गुरुजींचे गुडघे दुखायला लागले. साहजिक होतं; आयुष्यभर चाललेले गुडघे, वय झालेलं. पण गुडघा दुखतो म्हटल्यावर गावानं आणखी जोर केला. आता तर गुरुजींनी हलायचंच नाही. वैदूनं सांगितलं, डाळ वातूळ असते, दही वातूळ असतं. गुरुजींनी डाळ सोडली, दही सोडलं, हरभरा सोडला. राहिला भात. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. नवं धान निघालं की पहिला तांदूळ गुरुजींच्या घरी, त्याबरोबर गूळ. ज्याच्या घरी जे गोड होईल ते गुरुजींच्या हातावर. त्यांना पोट आलं, गाल आले. लोक म्हणत, "आता तब्येत सुधारली गुरुजीची." खरं म्हणजे वर गुरुजी भरत होते आणि खाली आटत होते. एकदा धोतर सरकलं तेव्हा मी त्यांच्या पोटऱ्या पाहिल्या. कातडी आणि हाड. विज्ञानाचा शिक्षक होतो, काही विचारायला हवं होतं.

त्यांना फार तहान लागते, सारखं लघवीला जावं लागतं, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. तिला सगळं गाव माय म्हणे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढच्या वेळी मी शाळेच्या प्रयोगशाळेतून परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि निळं बेनेडिक्ट द्रावण घेऊन गेलो. गुरुजी भयंकर खुश झाले. छपरीत, घरापुढच्या ओसरीत, खुर्चीवर बसून प्रयोग बघायचा म्हणजे त्यांना शाळाच वाटली. निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून नळी तापवली. निळं हिरवं झालं.

"पास," गुरुजी म्हणाले.

"थांबा जी." हिरव्याचं पिवळं झालं.

"दुसरी श्रेणी."

पिवळ्याचं नारिंगी, आणि बघता बघता तळाशी विटेसारखा लाल गाळ.

"पहिल्या श्रेणीत आलो का बे शालिक?"

मी म्हटलं, "गुरुजी, हे उलटं आहे. निळं राहिलं असतं तर पास. हे नापास आहे. साखर आहे तुम्हाला, आणि पुष्कळ आहे."

त्यांनी मला नळी उजेडाकडे धरायला लावली. मग म्हणाले, "रंग मात्र सुंदर आला." आणि डोमाजीच्या घरून आलेला अनारसा खाल्ला. माझ्यासमोर.

साकोलीच्या एका डॉक्टरांकडे मी त्यांना नेलं. लाखोरीची डाळ खाल्ली की पाय लुळे पडतात, म्हणून गावात काहींनी त्या डाळीवर आळ घेतला होता. डॉक्टरांनी पाय तपासून तसं काही नाही म्हणून सांगितलं. मग त्यांनी गुरुजींना खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. गुरुजींनी जोर केला. चेहरा लाल झाला. पाय थरथरले. दोन बोटं उठले आणि परत बसले. डोमाजी मदतीला धावला तेव्हा डॉक्टर ओरडले, "हात लावू नका त्यांना. तुम्हीच सगळ्यांनी हात लावून लावून यांचे पाय खाल्ले."

डॉक्टर शेतकऱ्याच्या घरचे होते, शेतकऱ्याच्या भाषेत बोलले. "असं बघा. मांडीचं मास ही साखर भरायची ढोली आहे, धान भरायची कणगी असते तशी. काम करणाऱ्याची ढोली मोठी, साखर त्यात जाते. यांची ढोली तुम्ही बसवून बसवून मोडली. आता साखर अंगणात सांडून राहिली. आणि गुडघ्याचं म्हणाल तर गुडघ्याचा भार मांडी उचलते. मांडीच नाही तर एकटा गुडघा काय करल? तो दुखणारच."

औषध काय, असं मी विचारलं. गोळ्या दिल्या. भात कमी, डाळ रोज, दूध, चालत असेल तर अंडं. आणि खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. सुरुवातीला हात टेकून, मग न टेकता. दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा.

"म्हंजे उठाबशा," गुरुजी म्हणाले.

"उठाबशाच म्हणा," डॉक्टर म्हणाले.

बस, तिथेच सगळं बिनसलं. परतीच्या खाचरात गुरुजी माझ्याकडे पाठ करून बसले. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "चाळीस वर्ष म्या ते शिक्षा म्हनून देल्ली. आता सांग, माही चूक कोनती?"

मी समजावलं, ही शिक्षा नाही, उपचार आहे. कान धरायची गरज नाही, पाढा म्हणायची गरज नाही. ते म्हणाले, "नाव बदललं तं वस्तू बदलते का? हेच शिकोलं का म्या तुले?" आणि डोमाजीनं तर गाव गोळा केलं. "आपल्या गुरुजीनं म्हातारपनी उठाबशा काढाव्या? पोट्टे हासतीन. गावाची का इज्जत राहील जी?" मी म्हटलं, इज्जत की पाय? तो म्हणाला, "पाय आमी हाओ ना त्यायचे." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा माणसाशी काय वाद घालणार?

गोळ्या गुरुजींनी घेतल्या, कारण गोळ्या बसून घेता येतात. डाळ आठवडाभर खाल्ली. उठाबशी एकही काढली नाही.

पुढच्या दिवाळीला गेलो तर डोमाजीनं मला अभिमानानं परसात नेलं. गुरुजींना आता उकिडवं बसता येत नव्हतं, तलावापलीकडे जाणं तर संपलंच होतं. डोमाजीनं शाळेतली एक मोडकी खुर्ची आणून तिच्या बैठकीला गोल भोक पाडलं होतं, खाली बादली ठेवली होती, बाजूनं गोणपाट लावलं होतं. "पाहून राहिला ना? आता गुरुजीले काहीच तरास नाही," तो म्हणाला. मला त्या खुर्चीसमोर उभं राहून फार संताप आला. संताप कोणावर, हेही कळेना. पहिली खुर्ची मीच आणली होती.

या सगळ्या काळात मायकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ती गुरुजींहून चार-पाच वर्षांनी लहान. ती तलावावरून पाणी आणी, धान कांडी, परसात वांगी लावी, रोवणीला शेजारच्यांच्या बांधीत जाई. तिला कोणी खुर्ची दिली नाही, सायकलवर बसवलं नाही, पहिला तांदूळ दिला नाही. तिला कोणी मान दिला नाही म्हणून तिचे पाय शाबूत राहिले. आणि आता त्या शाबूत पायांवर ती रोज पहाटे गुरुजींना खाटेवरून उचलून उभं करी, खुर्चीत बसवी, दुपारी भोकाच्या खुर्चीकडे नेई आणि परत आणी. पुरुष माणसं शेतात गेली की हे सगळं तिच्या एकटीवर. मी एकदा म्हटलं, "माय, तुझी कंबर जाईल." ती म्हणाली, "जाईल तं जाईल बापू. ह्यायचे पाय तं गेलेच हायेत. दोघायचं मिळून काहीतरी उरलं पायजे."

सन १९८० नंतरच्या एका पावसाळ्यातली ही गोष्ट. रोवणीचे दिवस. गाव रिकामं होतं, डोमाजीसकट सगळे बांधीत. सकाळची पावसाची झड नुकतीच थांबली होती, अंगण चिकट झालं होतं. गुरुजींना छपरीत खुर्चीवर बसवून माय परसातून येत होती आणि तिचा पाय सरकला. हात टेकला तो मनगटातून मोडला. ती अंगणात पडली आणि तिला उठता येईना. गुरुजी खुर्चीत, ती सात-आठ हातांवर.

गुरुजींनी हाका मारल्या. कोणी नव्हतं. मग त्यांनी उठायचा प्रयत्न केला. दोन-तीनदा जोर केला आणि खुर्चीवरून खाली घसरले. आता दोघंही जमिनीवर. ती चिखलात, ते छपरीत. तिच्यापर्यंत सरकत जायचं तर पायरी उतरायला हवी, आणि ती पायरी त्यांना उतरता येईना.

मायनं मला हे नंतर सांगितलं. हाताला बांबूच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या आणि ती हसत होती. "दुपारपर्यंत तसेच बसलो आमी. बोलत होतो. लगीन झाल्यापासून एवढं बोललो नवतो कधी. मी म्हनलं, तुमी रडू नोका, लोकं पायतीन. तं म्हनते, लोकं असते तं कायले रडलो असतो?"

मी निरोप मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी पोचलो. गुरुजी खुर्चीत होते. डोमाजीनं दोन माणसं नेमली होती, पाळीपाळीनं उचलायला. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. अंगणाकडे बघत म्हणाले, "शालिक, ती समोर पडून होती. म्या पायलं." मला खूप बोलायचं होतं. साखरेबद्दल, मांडीच्या मांसाबद्दल, दहा वर्षांच्या मूर्खपणाबद्दल. पण ज्यांच्यासमोर मी कधी मान वर करून बोललो नव्हतो, त्यांच्यासमोर तोंड उघडेना. मी भंडाऱ्याला परत आलो आणि पत्र लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी गुरुजींना न विचारता काही ठरवलं होतं.

पत्राला उत्तर आलं नाही. रविवारी मी पत्रात लिहिल्याप्रमाणे खाचर घेऊन गेलो. डोमाजी दारात आडवा उभा राहिला. "गुरुजीची खुर्ची नेतेस? तुले लाज नाही वाटत? तूच देल्ली ना?" मी म्हटलं, म्हणूनच नेतो. आतून गुरुजींचा आवाज आला, शाळेतला, जुना आवाज. "डोमा, बाजूले हो. त्याले नेऊ दे." डोमाजी बाजूला झाला. खुर्ची खाचरात चढवताना त्यानं मला मदत केली नाही.

गुरुजी बरे झाले असं मी म्हणणार नाही. तो शब्द त्यांच्या बाबतीत खोटा ठरेल. साखर राहिली. गुडघे राहिले. गोड खाऊ नका म्हटलं की ते अजूनही ऐकायला येत नसल्याचं सोंग करत. पण सहा-सात महिन्यांत त्यांना खाटेवरून एकट्यानं उठता येऊ लागलं. वर्षभरात काठी घेऊन तलावाच्या पारीपर्यंत जाऊ लागले. डोमाजी मागे चाले, पाच पावलं सोडून, हात पाठीमागे बांधून. हात न लावण्याची आज्ञा त्याला गुरुजींनी दिली होती आणि ती पाळताना त्याचा जीव जात असे. मायचं मनगट वाकडंच जुळलं. पण त्यानंतर तिनं गुरुजींना कधी उचललं नाही. उचलावं लागलं नाही. ते गेले तेही पहाटे स्वतः उठून तोंड धुऊन आल्यावर.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या काही महिने आधी, मंडईच्या दुसऱ्या दिवशी. सकाळची गाडी पकडायची म्हणून मी लवकर निरोप घेऊन निघालो होतो. तलावाच्या पारीवर चढल्यावर मागे वळून पाहिलं. तिथून त्यांचं अंगण दिसतं. गुरुजी खाटेच्या कडेवर बसलेले होते. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. ते उठले, बसले. उठले, बसले. आवाज पोचत नव्हता, पण ओठ हलताना दिसत होते, म्हणजे सतराचा पाढा चालू होता. आणि त्यांनी दोन्ही हात छातीवर फुली करून कान धरले होते. डाव्या हातानं उजवा, उजव्या हातानं डावा. आम्हाला शिकवलं होतं तसे, घट्ट. मी पाढा संपेपर्यंत उभा राहिलो. गाडी चुकली.

ते गेल्यावर मायनं त्यांच्या पेटीतून माझं पत्र काढून मला दिलं. त्यांनी ते तपासलेलं होतं. लाल शाईनं चार ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केलं होतं, आणि वर "अक्षर गिचमिड" असा शेरा. समासात खालपासून वरपर्यंत पाच-पाच रेघांचे गठ्ठे, रोजच्या उठाबशांचे. समास भरल्यावर पत्राच्या मागे, आणि मागचं भरल्यावर पाकिटावर. माझ्या मजकुराच्या शेवटच्या ओळीवर मात्र आडवी काट होती, चुकलेल्या उत्तरावर ते मारत तशी. पत्र असं होतं:

भंडारा

तीर्थरूप गुरुजींना शालिकचा साष्टांग नमस्कार.

आपण मला विचारलं होतं, माझी चूक कोणती. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देतो. आपली चूक एकच, आपण आम्हाला नाही म्हटलं नाही. बाकीच्या सगळ्या चुका आमच्या आहेत, आणि पहिली माझी.

आपण तीन दिवस आमच्या बांधीत चिखलात उभे राहिलात म्हणून मला खुर्चीवर बसायची नोकरी मिळाली. आणि मी पहिलं काय केलं, तर तीच खुर्ची आपल्याला आणून दिली. त्या तीन दिवसांत आपण किती वेळा वाकलात आणि किती वेळा उठलात, हे मी धुऱ्यावर बसून बघत होतो, पण मोजलं नाही. मोजलं असतं तर खुर्ची आणली नसती.

येत्या रविवारी मी खाचर घेऊन येतो आणि खुर्ची परत नेतो. डोमाजी रागावेल. त्याला आपणच समजवा, माझं तो ऐकत नाही. परसातली दुसरी खुर्ची अजून लागेल, ती राहू द्या.

आपण खाटेवर बसायचं. खाटेच्या प्रत्येक पायाखाली चार विटा ठेवायच्या, म्हणजे उठणं सोपं जाईल. हा पहिला वर्ग. हात न टेकता दहा वेळा उठता आलं की प्रत्येक पायाखालची एक वीट काढायची आणि दुसरीत जायचं. विटा संपल्या की चौथी पास. घाई करायची नाही, पण एकाच वर्गात दोन वर्षं बसायचंही नाही, हे आपणच आम्हाला सांगत होता. रोज एक वाटी डाळ. ती वातूळ नाही, मी डॉक्टरांना पुन्हा विचारलं.

मायचा हात जुळायला दीड महिना लागेल. तोपर्यंत आपल्याला ती उचलू शकणार नाही, आणि त्यानंतर तिनं उचलू नये, एवढीच माझी परीक्षा आहे. पेपर सोपा नाही, हे मला माहीत आहे.

शिक्षा आपण दोघं वाटून घेऊ. मी आजपासून रोज सकाळी वीस काढतो आहे, पाढा म्हणून. आपण दहा काढा. दम लागला तर पाचावर थांबा.

कान मी धरतो. आपण धरू नका.

आपला विद्यार्थी,
शालिक